दोनशे एकावा फेरा

सोमवारी सकाळी लोव्हेटाच्या हॉटेलात हळू बोलून चालत नाही. आदल्या दिवशी शर्यत झालेली असते, आणि खिडकीजवळच्या लांब टेबलावर पाच-सहा म्हातारे आणि म्हातारपणाच्या रांगेत उभे असलेले दोन-तीन जण ती शर्यत पुन्हा पहिल्यापासून पळवत असतात. रविवारी सकाळी चर्च, दुपारी शर्यत, सोमवारी लोव्हेटाकडे भांडण, असा मिलर्स फोर्ड गावाचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता आहे. भांडणात कोण जिंकलं हे कुणी विचारत नाही. कॉफी संपली की उठतात आणि आपापल्या ट्रकमध्ये बसून कामाला जातात.

पण त्या सोमवारी कॉफी तीनदा भरून झाली तरी कुणी उठेना. अलाबामातली पाचशे मैलांची शर्यत शेवटच्या फेऱ्यात नासली होती. आपल्या जिल्ह्याचा पोरगा कोल्बी रीव्ह्ज सगळ्यांच्या पुढे रेषा ओलांडून गेला, गाडीच्या टपावर चढून नाचलासुद्धा. आणि दहा मिनिटांनी अधिकाऱ्यांनी सांगितलं की मागे गाड्या आदळून पिवळे दिवे लागले, त्या क्षणी टॅनर व्हॉसची गाडी हातभर पुढे होती. दिवे लागले की जो क्रम असेल तो गोठतो. मशीनने तसं दाखवलं. पहिला नंबर व्हॉसचा.

"हातभर म्हणे!" रॅन्सने टेबलावर मूठ आपटली. रॅन्सच्या चार कोंबडीशेड आहेत आणि आवाज चारही शेडना पुरून उरेल एवढा आहे. "एकशे नव्वद मैलांनी गाड्या पळतायत आणि हे हातभर मोजणार! माझ्या या डोळ्यांनी बघितलंय. कोल्बी चांगला बॉनेटभर पुढे होता."

"तू सोफ्यावर घोरत होतास," लोव्हेटा कॉफी ओतता ओतता म्हणाली. "तुझ्या बायकोनंच सांगितलं मला काल रात्री फोनवर."

"शेवटच्या दहा फेऱ्यांना जागा होतो! आणि झोपेतसुद्धा त्या मशीनपेक्षा बरं दिसतं मला."

"मशीनचं काय घेऊन बसलास?" गार्लंड एलर म्हणाला. गार्लंड चौऱ्याहत्तर वर्षांचा, सावकाश बोलणारा. तरुणपणी शर्यतीच्या गाड्यांत पेट्रोल भरायचा. "दिवे लावतो तो वर काचेच्या खोलीत बसलेला माणूस. अपघात झाला तेव्हाच का नाही दाबलं बटण? वाट बघत होता लेकाचा."

"आणि तो व्हॉस! ट्रॉफी घेताना दात बघितलेस त्याचे? वर तोंड करून म्हणतो, आमच्या टीमनं खूप मेहनत केली. चोर कुठला!" टेबलाच्या डोक्याशी बसलेला लाल टोपीवाला म्हणाला.

"मी सांगतो काय झालं ते," रॅन्स खुर्ची मागे सरकवून उभाच राहिला. "मशीननं ओपल केलं!"

सगळं टेबल खो खो हसलं. बिस्किटाचा घास एकाच्या घशात अडकला, त्याच्या पाठीत दोघांनी थापा मारल्या.

मिलर्स फोर्डमध्ये असं म्हणायची पद्धतच पडली आहे. शाळेच्या बसवाल्याने एखादं मूल थांब्यावर ठेवून गाडी पुढे नेली, की त्याने ओपल केलं. बेसबॉलच्या पंचाला डोळ्यासमोरचा बाद दिसला नाही, की ओपल केलं. असं म्हणणाऱ्या निम्म्या पोराटोरांना ठाऊकही नाही की ओपल हे कुणा बाईचं नाव आहे, ती बाई जिवंत आहे आणि बॅप्टिस्ट चर्चच्या मागे पांढऱ्या घरात राहते.

ती त्या क्षणी टेबलापासून सहा पावलांवर बसली होती. ओपल शूमेट, वय एकोणसत्तर. अंगात निळा कार्डिगन, मांडीवर मोठी काळी पर्स, समोर न खाल्लेली कलेजीची तळलेली वडी. सोमवारी ती इथे कधी येत नसे. आज नवऱ्याने गळ घातली म्हणून आली होती.

तिचा नवरा हॉयल टेबलाच्या डोक्याशी बसला होता, शहाऐंशी नंबरची लाल टोपी घालून. रॅन्सच्या विनोदावर तो सगळ्यात जोरात हसला. मग त्याने डोळे पुसले आणि म्हणाला, "अरे, कोल्बीचं दुःख काय असतं ते मला विचारा. त्याला लुटलं ते लोक निदान अलाबामात राहतात. मला लुटणारी चव्वेचाळीस वर्षं माझ्या शेजारी झोपतेय!"

पुन्हा हशा. ओपलने काटा खाली ठेवला. हे वाक्य तिने किती वेळा ऐकलं असेल? मुलीच्या लग्नाच्या जेवणात ऐकलं. हॉयलच्या निवृत्तीच्या समारंभात ऐकलं. तिची आई गेली तेव्हा, कबरीवरची फुलं सुकली नव्हती तेव्हा, मंडळी जेवणाची भांडी घेऊन घरी जमलेली असताना स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून त्याने तेच वाक्य एका पाहुण्याला ऐकवलं होतं. प्रत्येक वेळी लोक हसले आणि प्रत्येक वेळी ती थोडीशी हसली, कारण न हसणाऱ्या बाईला लोक तिरसट म्हणतात.

एकाहत्तर साली ती पंचवीस वर्षांची होती. आरशांच्या कारखान्यात तपासनीस होती. पट्ट्यावरून सरकत येणाऱ्या आरशातला केसाएवढा ओरखडा तिला दिसायचा. पुढे एकतीस वर्षं तिने ते काम केलं आणि तिच्या हातून गेलेला एकही आरसा दुकानातून परत आला नाही. हे कुणी कुठे सांगत नाही. हॉयल तेव्हा एका गॅरेजवाल्याची गाडी चालवायचा, शहाऐंशी नंबर. त्या काळी मशीन नव्हतं. प्रत्येक गाडीचे फेरे मोजायला एक माणूस बसायचा, आणि तो माणूस बहुतेक वेळा ड्रायव्हरची बायको, नाहीतर बहीण असायची. रेषेसमोर फळ्यांचा मांडव, त्यावर ओळीने बसलेल्या बायका, पुढ्यात मोठं घड्याळ आणि मांडीवर कार्ड. कार्डावर चौकोन. आपली गाडी रेषेवरून गेली की घड्याळात बघायचं आणि पुढच्या चौकोनात वेळ लिहायची. पंचवीस सेकंदांनी पुन्हा. चारशे फेरे, चारशे चौकोन, तीन तास मान वळवायची नाही.

त्या वर्षी ब्रशी रिजच्या चारशे फेऱ्यांच्या शर्यतीत शेवटचा बावटा पडला तेव्हा हॉयलची गाडी सगळ्यांत पुढे दिसत होती. त्याला विजेत्याच्या चौथऱ्यावर नेलं, सौंदर्यराणीने त्याच्या गालाचा मुका घेतला, ट्रॉफी त्याच्या हातात दिली. वीस मिनिटं ती त्याच्या हातात होती. मग कार्डं जुळवली. शहाऐंशी नंबरच्या कार्डावर तीनशे नव्व्याण्णव चौकोन भरले होते. ट्रॉफी हातातून काढून घेतली आणि दुसऱ्याला दिली.

त्यानंतर हॉयल शूमेटला मोठी शर्यत कधी जिंकता आली नाही. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, याच हॉटेलात, तेव्हा लोव्हेटाची आई गल्ल्यावर असायची, त्याने सगळ्यांना सांगितलं की मी चारशे फेरे मारले, बायकोने एक लिहिलाच नाही. कोंबडीची तंगडी खात बसली होती. ओपल तेव्हा त्याच्या शेजारच्या खुर्चीवर होती. ती त्याच्या तोंडाकडे बघतच राहिली. तो तिच्याकडे बघत नव्हता.

त्या दिवशी तिने तोंड का उघडलं नाही? हा प्रश्न तिने स्वतःला इतक्या वेळा विचारला आहे की त्याचं उत्तर आता तिला पाठ आहे. गॅरेजवाला शर्यतीला नव्हता, पण त्या दिवशी त्याच टेबलावर होता. खरं काय घडलं ते त्याला कळलं असतं तर त्याने गाडी त्याच दिवशी दुसऱ्याला दिली असती. हॉयलकडे गाडीशिवाय होतं काय? तिने विचार केला, बोलू दे आठवडाभर, पुरुषांच्या गप्पा, पुढच्या शर्यतीपर्यंत विसरतील. हॉयलला गाडी आणखी दोन हंगाम मिळाली. आणि खापर मात्र तिच्या डोक्यावर जे फुटलं ते फुटलंच.

गाव विसरलं नाही. चर्चमध्ये रविवारच्या शाळेची हजेरी ती घ्यायची. पुढच्याच महिन्यात ते काम पाद्र्याच्या मेहुणीकडे गेलं. का, ते कुणी सांगितलं नाही. कारखान्यात तिच्या टेबलावर कुणीतरी कोंबडीचं हाड ठेवलं होतं. गेल्या वसंतात तर नऊ वर्षांची नात शाळेतून आली आणि दप्तर न काढताच म्हणाली, "आजी, सगळे म्हणतात तू एक फेरा विसरलीस म्हणून आजोबा हरले. खरंय का?" ओपल तेव्हा बटाटे सोलत होती. ती म्हणाली, "हात धुऊन ये." एवढंच म्हणाली, आणि त्या एवढंच म्हणण्याचा तिला आजवर राग येतो.

त्या तंगडीचं म्हणाल तर डबा हॉयलसाठी नेलेला होता. त्याला तिने बोटही लावलं नव्हतं. घरी जाताना ट्रकमध्ये त्यानेच सगळी कोंबडी खाल्ली, हाडं खिडकीबाहेर फेकली आणि मग रडला.

लोव्हेटाच्या दाराची घंटी वाजली आणि मेरेडिथ आत आली. मेरेडिथ गावच्या वाचनालयात आहे, चाळिशीची, आणि जिल्ह्याच्या छोट्याशा संग्रहालयाचं कामही तीच बघते. तिच्यासाठीच आज ओपलला इथे आणलं होतं. संग्रहालयात शर्यतींचा नवा विभाग सुरू होत होता आणि त्यात हॉयलचा फोटो, हॉयलचं हेल्मेट आणि हॉयलची हकिकत लागणार होती.

"मिस्टर हॉयल, मिस ओपल, दोघंही आलात, फार बरं वाटलं," मेरेडिथ लांब टेबलाशी खुर्ची ओढत म्हणाली. तिने फोन टेबलावर उपडा ठेवला. "रेकॉर्ड करते हं. तुमच्याच तोंडून पाहिजे मला सगळं. आणि हा मजकूर. धातूच्या पाटीवर कोरून शनिवारी भिंतीवर लागतोय. दोघांनी एकदा ऐका आणि खाली सही करा, म्हणजे मी कोरायला पाठवते."

"वाच, वाच," हॉयल म्हणाला. "मोठ्यानं वाच. हे सगळे घरचेच आहेत."

मेरेडिथने वाचलं. जन्म, गाव, गाडीचा नंबर. मग: "'एकोणीसशे एकाहत्तर साली ब्रशी रिजच्या चारशे फेऱ्यांच्या शर्यतीत हॉयल शूमेट सर्वांत आधी रेषेपार गेले. परंतु फेरे नोंदवण्याचं काम करणाऱ्या त्यांच्या पत्नी ओपल यांच्या नजरचुकीने एक फेरा लिहायचा राहिला आणि विजय हुकला. या घटनेवरून जिल्ह्यात आजही गमतीने...'"

"बास," ओपल म्हणाली.

आवाज मोठा नव्हता. पण ती कधी बोलतच नसल्यामुळे सगळ्यांनी मान वळवली.

"काही चुकलं का, मिस ओपल?"

"कोरणार म्हणालीस ना? धातूवर?"

"हो."

"म्हणजे आम्ही दोघं मेलो तरी ते तिथेच राहणार. माझी नात तिच्या पोरांना घेऊन येणार आणि ते वाचणार."

"अगं, गंमत आहे ती," हॉयल म्हणाला. "लोकांना आवडते. ओपल, उगाच सोमवारची सकाळ खराब करू नकोस. सही कर."

चव्वेचाळीस वर्षं पोटात धरलेला राग असा एका शब्दावर बाहेर येईल असं तिला वाटलं नव्हतं. पण गंमत हा शब्द तिच्या डोक्यात गेला. ती उठली, सहा पावलं चालून लांब टेबलापाशी आली आणि काळी पर्स प्लेटांच्या मधोमध ठेवली. आत एक चपटी पत्र्याची डबी होती, संग्रहालयाचं नाव ऐकून सकाळी निघताना तिने ती सोबत घेतली होती. बायका जिच्यात पाककृतींची कार्डं ठेवतात तसली. भोपळ्याची गोड पाई, कॉर्नब्रेड आणि आंबट काकडी यांच्या कार्डांखालून तिने चार घड्या घातलेला पिवळट पुठ्ठा काढला आणि उलगडला.

"काय आहे ते?" रॅन्सने मान पुढे काढली.

"शहाऐंशी नंबरचं कार्ड," ती म्हणाली. "मोजणी झाल्यावर अधिकाऱ्यानं मला परत दिलं. घर आवरताना कधी फेकलं नाही."

हॉयलच्या हातातला कप अर्ध्यावर थांबला. "ते तुझ्याकडे आहे?"

"माझ्या स्वयंपाकघरात होतं. तू कधी तिथलं काही उघडलंस तर कळणार ना."

दोघंतिघं फिसकन हसले, पण ते हसू फार पुढे गेलं नाही. ओपलने कार्ड रॅन्ससमोर ठेवलं.

"तुझे डोळे फार चांगले आहेत म्हणतोस. वाच. प्रत्येक चौकोनात वेळ आहे. दोन चौकोनांत किती सेकंद आहेत ते बघ."

रॅन्सने चष्मा लावला. "पंचवीस. पंचवीस. सव्वीस. पंचवीस..."

"आता मला सांग, मी एक फेरा लिहायला विसरले असते, तर त्या जागी किती दिसले असते?"

हे टेबल शर्यतींवर वाढलेलं होतं. उत्तर सांगायला कुणाला बोटं मोजावी लागली नाहीत.

"पन्नास," गार्लंडच्या शेजारचा म्हातारा म्हणाला. "दुप्पट."

"शोध पन्नास. छोटी फुली असेल ते सोड, तिथे पिवळा बावटा होता, गाड्या हळू होत्या. बाकी सगळे बघ. मला घाई नाही. मी चव्वेचाळीस वर्षं थांबलेय."

रॅन्सचं बोट चौकोनांवरून सरकू लागलं. त्याच्या खांद्यावरून आणखी तीन डोकी वाकली. आता रीव्ह्ज आणि व्हॉस कुणाच्या लक्षात नव्हते. लोव्हेटाही कॉफीचं भांडं धरून मागे उभी राहिली.

"शहाण्णवला एकावन्न आहे," रॅन्स म्हणाला.

"पिटमध्ये आला होता. टायर आणि पेट्रोल. गार्लंड, बरोबर?"

गार्लंडने मान हलवली. तो कार्डाकडे बघत नव्हता.

"तीनशे पाचला बावन्न."

"तेही पिट."

"आणि इथे..." रॅन्सचं बोट थांबलं. त्याचे डोळे लकाकले. "हां! सापडलं. दोनशे एक. एक मिनिट चाळीस! पिटमध्ये एवढा वेळ लागतच नाही. मिस ओपल, राग मानू नका, पण कोंबडी इथेच खाल्लीत तुम्ही."

हॉयल हसला. फार मोकळा हसला. "बघा! तिचं कार्डच सांगतंय. आता तरी सही कर, बाई."

ओपलने त्याच्याकडे बघितलंच नाही. ती गार्लंडसमोर जाऊन उभी राहिली. "गार्लंड एलर, त्या दिवशी पेट्रोलचा डबा कुणाच्या हातात होता?"

"माझ्या."

"दोनशे एकाव्या फेऱ्याला काय झालं?"

गार्लंडने टोपी काढली, तिच्यात बघितलं, पुन्हा घातली. "ओपल, आता एवढ्या वर्षांनी..."

"एवढी वर्षं तू या टेबलावर बसून हसलायस. माझ्या हातची पाई खाल्लीस. तुझी बायको आजारी होती तेव्हा महिनाभर रात्री तिच्याजवळ कोण बसलं? मी बसले. आणि मग इथे येऊन तू पुन्हा हसलास. मला मेहेरबानी नको. काय झालं तेवढं सांग."

तिचा आवाज चढला होता आणि तिला तो उतरवायचा नव्हता. गार्लंडचे कान लाल झाले.

"टाकी कोरडी पडली," तो शेवटी म्हणाला.

"मोठ्यानं."

"टाकी कोरडी पडली! एकशे नव्वदपासून मी त्याला पाटी दाखवत होतो, आत ये, आत ये. दहा फेरे दाखवली. तो येईना. पुढे होता ना, पुढची जागा सोडवेना त्याला. दोनशे एकाला मागच्या सरळ रस्त्यावर गाडी बंद पडली, घरंगळत आली कशीबशी. आम्ही ढकलत आत घेतली. इंजिन चालू होईना. मी कार्ब्युरेटरमध्ये हातानं पेट्रोल ओतलं. एक मिनिट चाळीस बरोबर आहे." तो हॉयलकडे वळला. "आपण एक फेरा मागे होतो, हॉयल. मी तुला पाटीवर लिहूनसुद्धा दाखवलं. तू अंगठा वर केलास."

चारशे फेऱ्यांच्या शर्यतीत पुढे असताना गाडी पेट्रोलविना बंद पाडणं, आणि तेही पाटी दाखवली असताना! या माणसांनी बायकांना, देवाला, सरकारला माफ केलं असेल, पण असल्या ड्रायव्हरला माफ केल्याचं कुणाला आठवत नव्हतं. कालच्याच शर्यतीत एका पोराची टाकी संपली होती, तर याच टेबलाने त्याची पार आईबापापर्यंत सालं काढली होती. त्यात हॉयल सगळ्यांत पुढे होता.

"म्हणजे तुला ठाऊक होतं?" रॅन्सने विचारलं. त्याच्या आवाजातला हशा कुठच्या कुठे गेला होता. "ट्रॉफी हातात घेतलीस तेव्हा ठाऊक होतं? कालपासून त्या व्हॉसला चोर म्हणतोयस तू."

"गोंधळ होता सगळा," हॉयल म्हणाला. "धूर, गाड्या... माणसाचा हिशेब चुकतो."

"माझा चुकला नव्हता," ओपल म्हणाली.

"तुझा, तुझा!" हॉयल ताडकन उठला. खुर्ची मागे कलंडली. चव्वेचाळीस वर्षं हसत सांगितलेली गोष्ट त्याच्या तोंडातून आता वेगळीच बाहेर पडली. "फार मोठी खरी तू! एक मिनिट चाळीस होतं तिथं! मधे एक खूण घुसवली असतीस तर कुणाच्या बापाला कळलं नसतं! ट्रकमध्ये रडून सांगितलं तुला, एक खूण, फक्त एक खूण करायची होती! सगळ्यांच्या बायका करत होत्या! तुझ्या शेजारी बसलेलीनं दोन केल्या! आणि माझी बायको... माझी बायको तिथे पेन्सिल धरून..."

तो थांबला. काय बोलून गेलो ते त्याला सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून कळलं. रॅन्सने चष्मा काढला आणि कार्ड दोन्ही हातांनी उचलून ओपलसमोर ठेवलं.

"मिस ओपल," तो म्हणाला आणि स्वतःची खुर्ची तिच्यासाठी मागे ओढली.

तिला त्याच्याकडून काही नको होतं. तिला वाटलं होतं, हे झाल्यावर आत कुठेतरी थंड पडेल. काही थंड पडलं नाही. ट्रकमधला तो रडणारा पोरगा तिला आठवला. ती त्याच्यावर खरंच जीव टाकायची. त्या रात्री तिने त्याचं डोकं मांडीवर घेऊन थोपटलं होतं, आणि सकाळी उठून त्याने हे केलं. तिला त्या रात्रीचाच राग सगळ्यात जास्त आला.

मेरेडिथने टेबलावरच्या फोनकडे हात नेला. "मिस ओपल, हे अजून रेकॉर्ड होतंय. बंद करू का?"

"नको."

ओपलने पाटीचा मजकूर लिहिलेला कागद आपल्याकडे ओढला आणि पालथा केला. पर्समधून तिने पेन्सिलीचं एक थोटूक काढलं, कलंडलेली खुर्ची सरळ केली आणि हॉयलच्या जागेवर, टेबलाच्या डोक्याशी बसली. हॉयल लाल टोपी हातात चुरगाळत तिच्यासमोर उभा होता.

"त्याला पुन्हा एकदा सांगायला सांग," ती मेरेडिथला म्हणाली. "सावकाश. मला लिहून घ्यायचंय. एखादी गोष्ट निसटते माझ्या हातून, असं म्हणतात सगळे."

कुणी हसलं नाही. तिने सवयीने मान वर करून भिंतीवरच्या घड्याळात बघितलं. आठ वाजून बेचाळीस मिनिटं झाली होती. ती वेळ तिने कागदाच्या कोपऱ्यात लिहिली आणि हॉयलच्या तोंडाकडे बघत थांबली.